पाच लिटर रक्तात एक चमचा

धडधाकट मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं. सकाळी उपाशीपोटी तपासलं तर त्या सगळ्या रक्तात मिळून साखर निघते जेमतेम साडेचार ग्रॅम. म्हणजे चहाचा एक चमचा, तोसुद्धा शीग न लावता. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मला ती छपाईतली चूक वाटली. मग गणित मांडून पाहिलं. लॅबच्या रिपोर्टवर उपाशीपोटीची साखर ९० अशी लिहिलेली असते, ती १०० मिलिलिटर रक्तामागे ९० मिलिग्रॅम. पाच लिटर म्हणजे त्याच्या पन्नासपट, ४५०० मिलिग्रॅम. आकडा बरोबर होता.

एवढ्या चमचाभर साखरेवर सगळा कारभार चालतो. एकटा मेंदू दिवसाला १२० ग्रॅमच्या आसपास ग्लुकोज जाळतो आणि तांबड्या पेशींना तर दुसरं इंधन चालतच नाही. तरी तो चमचा रिकामा होत नाही आणि उतूही जात नाही. रात्री आपण झोपेत असताना लिव्हर आपल्या साठ्यातून थोडं थोडं ग्लुकोज सोडत राहतं. जेवलो की स्वादुपिंडातून इन्सुलिन येतं आणि रक्तातलं जादा ग्लुकोज स्नायूंत, लिव्हरमध्ये, चरबीत हलवलं जातं. लिव्हरमधला साठा शंभरेक ग्रॅमचा, सगळ्या स्नायूंचा मिळून चारशेच्या घरातला. त्यापुढे जे काही उरेल त्याला जागा एकच, चरबी. आणि ती जागा काही लवकर भरत नाही.

हे सगळं इतकं बिनबोभाट चालतं की आपल्याला पत्ताही लागत नाही. साखरेबद्दल माझी मुख्य तक्रार हीच आहे, की ती जास्त झाली तर काहीच होत नाही. तिखट जास्त झालं की नाकाडोळ्यांतून पाणी येतं. मीठ जास्त पडलं तर पहिलाच घास तोंडात फिरतो. तेलकट जास्त झालं की रात्री छातीत जळजळतं. साखर जास्त झाली की आपण अजून थोडी घेतो. पोट दुखत नाही, ताप येत नाही, आणि जे दुखत नाही त्याचा हिशेब माणूस ठेवत नाही.

याचं कारण फार मागे जातं. गोडाची ओढ शिकवावी लागत नाही, ती घेऊनच मूल जन्माला येतं. नवजात बाळाच्या टाचेतून रक्त काढायचं असेल तर आधी त्याच्या जिभेवर साखरपाण्याचे थेंब सोडतात. बाळ कमी रडतं. हा नुसता आजीबाईचा बटवा नाही, कितीतरी वैद्यकीय चाचण्यांमधून ते तपासून झालेलं आहे. आईचं दूधही गोडच असतं. याउलट मांजराला गोड कळतच नाही, कारण गोड चव ओळखणाऱ्या त्याच्या एका जनुकात बिघाड आहे. मांसावर जगणाऱ्या प्राण्याचं त्यावाचून काही अडलं नाही. आपल्या पूर्वजांचं मात्र अडलं असतं. रानात गोड लागणारी वस्तू बहुधा खाण्याजोगी आणि ताकद देणारी असे. शिवाय ती कधी एकटी येत नसे. फळात गोडीबरोबर चोथा असे, पाणी असे, आणि हंगाम संपला की फळही संपे. मधावर माश्या पहारा देत. गोडीला असे बांध होते. साखर बनवणं म्हणजे हे सगळे बांध काढून नुसती गोडी बाजूला करणं.

एकदा मी अर्धा लिटरच्या कोलाच्या बाटलीवरचं लेबल नीट वाचलं. १०० मिलिलिटरमध्ये १०.६ ग्रॅम साखर. म्हणजे बाटलीत ५३ ग्रॅम. आकडा वाचून डोळ्यांसमोर काहीच येईना, म्हणून स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर वाटी ठेवून साखर मोजायला घेतली. चमच्यामागून चमचा पडत होता आणि काटा सावकाश चढत होता. तिसापाशी आलो तेव्हा हात आपोआप थांबला. एवढी पुरे, असं हातालाच वाटलं असावं. अजून जवळजवळ तेवढीच टाकायची होती. ५३ झाले तेव्हा वाटी निम्म्याच्या वर आली होती आणि कडेला साखरेचा छोटा उतार तयार झाला होता.

मग ती सगळी साखर अर्धा लिटर साध्या पाण्यात ढवळली आणि पिऊन पाहिली. दोन घोटांच्या पुढे जाईना. घशाला चिकटत होतं, मळमळत होतं. तेवढीच साखर, तेवढंच पाणी. मग बाटलीतली कशी जाते? त्यात आम्ल असतं, कोलात बहुतेक वेळा फॉस्फरिक आम्ल, आणि आंबटपणा गोडी दाबतो. फेस जिभेला टोचतो. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे ती थंडगार असते. जिभेवरची गोड ओळखणारी यंत्रणा थंडाव्यात मंद पडते. म्हणून तर वितळलेलं आइस्क्रीम चाटून पाहिलं की ते एकदम भलतंच गोड लागतं. कोलाची उघडी बाटली दोन दिवस बाहेर राहू द्या, फेस जाऊ द्या, गरम होऊ द्या, मग घोट घ्या. तिच्यात काय आहे ते तेव्हा कळेल.

जीभ अशी चकवली जाते, आणि पोट तर याहून भोळं आहे. प्यायलेल्या उष्मांकांची नोंद पोट फारशी घेत नाही. तेवढ्याच उष्मांकांचं काही चावून खाल्लं तर पुढच्या जेवणात आपण नकळत थोडं कमी खातो. गोड पेय प्यायलो तर जेवण बहुतेक तेवढंच होतं आणि पेय त्यावर वरकड. फळांच्या रसाचंही तेच. तीन-चार संत्री सोलून, शिरा काढून खायला बसा. तिसऱ्यापाशी कंटाळा येईल. त्यांचा रस मात्र एका दमात पोटात जातो. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेनं साखरेची मर्यादा ठरवताना मध आणि फळांचे रस साखरेच्याच रांगेत बसवले आहेत, अख्खं फळ मात्र वगळलं आहे. २०१५ सालच्या त्या शिफारशीनुसार दिवसभराच्या उष्मांकांपैकी १० टक्क्यांहून कमी या साखरेतून यावेत, आणि ५ टक्क्यांच्या आत राहिलं तर अधिक चांगलं. २००० उष्मांक खाणाऱ्या माणसासाठी १० टक्के म्हणजे ५० ग्रॅम, ५ टक्के म्हणजे २५. माझी ती वाटी एका बाटलीतच दिवसाच्या वरच्या मर्यादेबाहेर गेली होती, आणि अजून दिवसभराचं खाणं बाकीच होतं.

आता शरीराकडे येऊ. आपल्याला काही जाणवत नसलं तरी शरीरात नोंदी होत असतात. काही मिनिटांत होतात, काही महिन्यांत, काही वर्षांनी.

मिनिटांतली नोंद दातांवर होते. दातांवरच्या थरातले जंतू साखर खातात आणि आम्ल टाकतात. १९४० च्या दशकात रॉबर्ट स्टीफन या अमेरिकी संशोधकानं दातांवरच्या थरातला आंबटपणा मोजून दाखवला. साखरेच्या पाण्यानं चूळ भरली की काही मिनिटांतच सामू (पीएच, तो जितका कमी तितकं आम्ल जास्त) धाडकन खाली येतो आणि पूर्ववत व्हायला अर्धा तास ते तासभर लागतो. साधारण ५.५ च्या खाली गेला की एनॅमलमधली खनिजं विरघळू लागतात. वर आला की लाळ त्यांतली काही पुन्हा बसवते. म्हणजे दाताला झीज भरून काढायला वेळ हवा असतो. एकदा मूठभर गोड खाऊन मोकळं झालं तर तो मिळतो. तीच मूठ दिवसभर एकेक करून तोंडात टाकली तर मिळत नाही.

हे ज्या प्रयोगातून पक्कं झालं त्याच्याबद्दल वाचताना मात्र अंगावर काटा येतो. दुसरं महायुद्ध संपलं त्या सुमारास स्वीडनमधल्या व्हिपेहोल्म नावाच्या संस्थेत तो सुरू झाला आणि बरीच वर्षं चालला. तिथे मतिमंद ठरवलेली माणसं कायमची ठेवलेली होती. त्यांना वेगवेगळ्या प्रकारे साखर दिली गेली: कुणाला जेवणाबरोबर, कुणाला जेवणांच्या मधल्या वेळात चिकट टॉफ्या, एका गटाला दिवसाला चोवीस. जेवणाबरोबर साखर घेणाऱ्यांचे दात फारसे किडले नाहीत, मधल्या वेळात टॉफ्या चघळणाऱ्यांचे मात्र पार सडले. त्या माणसांना विचारलं कुणी नव्हतं, आणि खर्चातला काही वाटा गोळ्या-चॉकलेटच्या धंद्यातून आलेला होता. पुढे स्वीडनमध्ये मुलांना गोळ्या आठवड्यातून एकदाच, शनिवारी, द्यायचा सल्ला रूढ झाला तो या निष्कर्षांवरून. जगभरचे दंतवैद्य आज जे सांगतात त्याच्या मुळाशी, ज्यांना नाही म्हणता आलं नाही अशा माणसांचे किडलेले दात आहेत. मला हे विसरता येत नाही.

महिन्यांतल्या नोंदीची गोष्ट हलकीफुलकी आहे. माझी मावशी दर तपासणीच्या आधी आठवडाभर कडक पथ्य पाळायची. गोडाला हात नाही, संध्याकाळी फेऱ्या, रात्री लवकर जेवण. उपाशीपोटीची साखर सोज्वळ यायची आणि घरी येऊन ती सगळ्यांना रिपोर्ट दाखवायची. एका वर्षी नवीन डॉक्टरांनी एचबीएवनसी नावाची रक्ताची तपासणी करायला सांगितली. आकडा ७.८ आला.

"अहो डॉक्टर, आठवडाभर मी गोड तोंडातसुद्धा घातलं नाही," मावशी म्हणाली.

"मावशी, तो आठवडा दिसतोय मला. हा दुसरा कागद त्याच्या आधीच्या तीन महिन्यांचा आहे."

मावशीनं कागद घडी करून पर्समध्ये टाकला आणि रिक्षात बसल्यावर मला म्हणाली, "हे कुणी शोधून काढलं रे?"

रक्तात ग्लुकोज असलं की त्यातलं थोडं आपसूक प्रथिनांना चिकटतं. तांबड्या पेशीतल्या हिमोग्लोबिनला चिकटलेलं मग सुटत नाही. ती पेशी जगते तोवर, म्हणजे साधारण १२० दिवस, तसंच राहतं. किती टक्के हिमोग्लोबिनला साखर चिकटली आहे ते मोजलं की गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी निघते. शेवटच्या महिन्याचा त्यात वाटा जास्त, पण एका आठवड्याच्या पथ्यानं पुसली जाईल अशी ती नोंद नाही. ५.७ च्या खाली असलं तर ठीक, ६.५ किंवा वर गेलं तर मधुमेह, मधला पट्टा धोक्याचा. हिमोग्लोबिनला साखर चिकटते त्यानं फारसं बिघडत नाही, पण तेच चिकटणं डोळ्यांच्या पडद्यातल्या, मूत्रपिंडातल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतींतही चालू असतं. तिथे वर्षानुवर्षांनी बिघडतं. पायांच्या नसा बधिर होतात, तेही असंच सावकाश.

इथे एक गोष्ट सरळ सांगायला हवी. साखर खाल्ल्यानं मधुमेह होतो, हे वाक्य जितकं सोपं आहे तितकं खरं नाही. टाइप १ मधुमेहाचा साखर खाण्याशी काही संबंध नाही. त्यात शरीराची प्रतिकारशक्तीच इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट करते. एखाद्या लहान मुलाला तो झाला की नातेवाईक आईला विचारतात, 'फार गोड द्यायचीस का?' हा निव्वळ अन्याय आहे. टाइप २ मध्ये आनुवंशिकता आहे, वय आहे, बैठं आयुष्य आहे, पोटावरची चरबी आहे. साखरेचा हात बराचसा वजनातून येतो. पण गोड पेयांच्या बाबतीत, वजनाचा हिशेब वगळूनही धोका थोडा उरतोच, असं मोठ्या पाहण्यांमध्ये पुन्हा पुन्हा दिसलं आहे.

तो का उरत असावा याचा एक धागा लिव्हरकडे जातो. साखरेचा रेणू म्हणजे एक ग्लुकोज आणि एक फ्रुक्टोज जोडीनं. लहान आतड्यात ही जोडी तुटते. ग्लुकोज सगळ्या शरीराला चालतं. फ्रुक्टोज मात्र मोठ्या प्रमाणात आलं की बहुतेक लिव्हरलाच निस्तरावं लागतं. ग्लुकोजच्या वाटेवर एक चौकी आहे: पेशीत ऊर्जा पुरेशी असली की तिथे वाट अडवली जाते. फ्रुक्टोज त्या चौकीच्या पुढच्या वळणावर रस्त्याला लागतं, त्यामुळे त्याला कुणी थांबवत नाही. गरज असो नसो, ते पुढे सरकतं आणि जादा झालेल्याची लिव्हरमध्ये चरबी बनते. काही चरबी ट्रायग्लिसराइडच्या रूपानं रक्तात जाते, काही तिथेच साठते. फ्रुक्टोज हाताळताना यूरिक आम्लही वाढतं, म्हणून गाउटच्या (सांधे सुजून दुखण्याच्या आजाराच्या) रुग्णांनाही गोड पेयं टाळायला सांगतात.

चरबी साठलेलं लिव्हर दुखत नाही. वेगळ्याच कारणासाठी सोनोग्राफी होते आणि रिपोर्टच्या खालच्या ओळीत फॅटी लिव्हर हे शब्द सापडतात. पूर्वी हा दारू पिणाऱ्यांचा आजार समजला जाई. दारूच्या थेंबाला न शिवलेल्या माणसांत, अगदी शाळकरी मुलांतही तो सर्रास दिसू लागला तेव्हा डॉक्टरांना त्याच्यासाठी वेगळं नाव काढावं लागलं. त्याची एक बाजू मात्र दिलासा देणारी आहे. २०१९ साली अमेरिकेत एक चाचणी प्रसिद्ध झाली, फॅटी लिव्हर असलेल्या चाळीस किशोरवयीन मुलांवरची. निम्म्या मुलांच्या जेवणातली साखर आठ आठवडे एकूण उष्मांकांच्या ३ टक्क्यांच्या आत आणली. त्यांच्या लिव्हरमधली चरबी सरासरी २५ टक्क्यांवरून १७ वर आली. नेहमीसारखं खाणाऱ्या मुलांची २१ वरून २० वर. आठ आठवडे म्हणजे काहीच नाही. मला या चाचणीतला दुसराच तपशील जास्त आवडतो: त्या मुलांपुरतं वेगळं ताट न वाढता अख्ख्या कुटुंबाचं खाणं बदललं होतं. एकट्या मुलाला फ्रिजसमोर उभं करून 'तू घेऊ नकोस' म्हणण्याला काही अर्थ नसतो, हे त्या संशोधकांना कळत होतं.

हृदयाचं थोडक्यात सांगतो. २०१४ सालच्या एका मोठ्या अमेरिकी पाहणीत, वरून घातलेल्या साखरेतून २५ टक्के किंवा त्याहून जास्त उष्मांक घेणाऱ्यांचा हृदयविकारानं मरण्याचा धोका १० टक्क्यांहून कमी घेणाऱ्यांच्या दुपटीहून अधिक निघाला. पाहणी म्हणजे प्रयोग नव्हे. एवढी साखर खाणारा माणूस इतरही बऱ्याच गोष्टी वेगळ्या करत असतो आणि आकडेशास्त्रानं त्या सगळ्या वेगळ्या काढता येत नाहीत. तरी दुर्लक्ष करावं एवढा छोटा हा फरक नाही.

हृदयाचा विषय निघाला की १९६० च्या दशकाकडे वळावंच लागतं. लंडनचे पोषणतज्ज्ञ जॉन युडकिन तेव्हा कानीकपाळी ओरडून सांगत होते की हृदयविकारात साखरेचा हात तपासा. दुसरीकडे चरबीवर, विशेषतः प्राणिजन्य चरबीवर बोट ठेवणारे होते. अमेरिकेतल्या साखर उद्योगाच्या शुगर रिसर्च फाउंडेशननं १९६५ साली हार्वर्डच्या पोषणतज्ज्ञांकडून एक आढावा लिहवून घेण्याचं ठरवलं आणि त्यासाठी सुमारे ६५०० डॉलर दिले. तो १९६७ साली एका अग्रगण्य वैद्यकीय नियतकालिकात दोन भागांत छापून आला. त्यात साखरेवरच्या अभ्यासांतल्या उणिवा कसोशीनं काढल्या होत्या आणि चरबीकडे बोट होतं. पैसे कुणी दिले याचा उल्लेख नव्हता. तेव्हा तसा नियमही नव्हता. हा पत्रव्यवहार उजेडात आणला क्रिस्टिन केर्न्स यांनी, २०१६ मध्ये. त्या मुळात दंतवैद्य. चरबीबद्दलचं सगळंच खोटं होतं असं यावरून ठरत नाही, तसं म्हणणाऱ्यांची गर्दी हल्ली फार झाली आहे. पण ज्या चौकशीला तेव्हा जोर यायला हवा होता ती काही दशकं मागे पडली, एवढं नक्की.

सगळ्यात लांब पल्ल्याची नोंद मात्र एका सरकारी निर्णयामुळे अपघातानं सापडली. ब्रिटनमध्ये महायुद्धापासून साखरेचं रेशनिंग होतं. ते सप्टेंबर १९५३ मध्ये उठलं आणि मोठ्या माणसांचं साखर खाणं दिवसाला ४० ग्रॅमच्या आसपास होतं ते बघता बघता जवळजवळ दुप्पट झालं. बाकी अन्नात एवढी उडी नव्हती. म्हणजे रेशनिंग उठण्याच्या थोडं आधी पोटात असलेली, जन्मलेली मुलं आणि थोडं नंतरची मुलं यांच्यात मुख्य फरक साखरेचा. कुणाही संशोधकाला असा प्रयोग मुद्दाम करायची परवानगी मिळाली नसती. तादेया ग्राचनेर आणि सहकाऱ्यांनी या काळात जन्मलेल्या सुमारे साठ हजार लोकांची माहिती तपासली आणि २०२४ साली निष्कर्ष मांडले. गर्भात आणि पहिल्या दोन वर्षांत साखर मोजून मिळालेल्यांमध्ये, पन्नाशी-साठीत पोचल्यावर, टाइप २ मधुमेहाचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी कमी होता, उच्च रक्तदाबाचा २० टक्क्यांनी. ज्यांना हे आजार झालेच त्यांना मधुमेह सरासरी चार वर्षं उशिरा झाला, रक्तदाब दोन वर्षं. ते रेशन काही उपासमारीचं नव्हतं. आज जेवढी साखर पुरे म्हणून सांगतात साधारण तेवढीच ती होती.

इतकं लिहिल्यावर साखरेच्या नावावर खपवलं जाणारं एक भलतंच बिल फाडून टाकायला हवं. गोड खाल्लं की मुलं उधळतात, हे पालक अगदी शपथेवर सांगतात. १९९४ साली दोन मानसशास्त्रज्ञांनी, आपल्या मुलाला साखर चढते असं सांगणाऱ्या आयांना बोलावलं. मुलांना जे पेय दिलं त्यात साखर नव्हतीच, नुसतं गोडी आणणारं रसायन होतं. निम्म्या आयांना मात्र सांगितलं, भरपूर साखर दिली आहे. त्या आयांना आपली मुलं जास्त धांगडधिंगा करताना दिसली. आणखी गंमत म्हणजे त्या स्वतःच मुलांच्या जास्त जवळ घुटमळल्या, जास्त टोकत राहिल्या. साखर आणि मुलांचं वागणं यांवरच्या दुहेरी-अंध चाचण्या (कुणाला काय दिलं ते देणाऱ्याला आणि घेणाऱ्यालाही माहीत नसतं अशा) एकत्र करून पाहिल्या तेव्हाही संबंध सापडला नाही. आपल्या डोळ्यांना साखरेचा जो परिणाम धडधडीत दिसतो तो होतच नाही, आणि जे खरे होतात त्यांतला एकही दिसत नाही. म्हणूनच मला 'साखर म्हणजे विष' ही भाषा आवडत नाही. विष म्हटलं की माणूस लक्षणं शोधतो, लक्षणं सापडत नाहीत, आणि मग सांगणाराच खोटा पडतो.

तपकिरी साखर, मध, महागड्या बाटलीतलं कसलंसं सरबत यांनी यात काडीचा फरक पडत नाही, त्यांतली खनिजं मोजायची तर मध वाट्यानं खावा लागेल. कृत्रिम गोडव्याबद्दल मत बनवणं अवघड आहे. ज्याला रोज दोन बाटल्या लागतात त्यानं बिनसाखरेची घेतली तर त्या दिवसापुरता फायदा आहेच. पण जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये, वजन आटोक्यात ठेवण्यासाठी हे पदार्थ वापरू नका, असा सल्ला दिला आहे, कारण लांबच्या काळात वजन उतरताना दिसत नाही. मधुमेह असलेल्यांना त्या सल्ल्यातून वगळलं आहे. मला त्यांची अडचण साधी वाटते: जिभेला तितकंच गोड लागत राहतं.

आणि जीभ बदलते, हे महत्त्वाचं आहे. साखर कमी करून काही आठवडे गेले की पूर्वी बेताचा गोड वाटणारा पदार्थ गोडमिट्ट लागायला लागतो. हे प्रयोगातही दिसलं आहे, दोनेक महिन्यांनंतर. त्याच प्रयोगात हेही दिसलं की मोकळीक मिळाल्यावर मंडळी भराभर जुन्या प्रमाणावर परत गेली. म्हणजे जीभ दोन्ही बाजूंना सारख्याच तत्परतेनं वळते. एकट्याच्या निग्रहावर किती भिस्त ठेवायची ते यावरून कळावं. ब्रिटननं २०१६ मध्ये जाहीर केलं की १०० मिलिलिटरमागे ५ ग्रॅमहून जास्त साखर असलेल्या पेयांवर कर लागेल, ८ च्या वर जास्त कर. अंमलबजावणी एप्रिल २०१८ मध्ये होती. ती येईपर्यंत बऱ्याच कंपन्यांनी आपापल्या बाटल्यांतली साखर मुकाट्यानं मर्यादेखाली आणलेली होती. पिणाऱ्याला मनाशी झगडावं लागलं नाही.

माझ्यापुरतं बोलायचं तर आधी पेयं बंद केली, रसासकट. त्यानं निम्म्याहून जास्त काम झालं, बाकीचं कमी करताना तितका त्रास पडला नाही. गोड खायचं तर जेवणाबरोबर, एकदाच, आणि नीट बसून. येता-जाता डबा उघडायचा नाही, व्हिपेहोल्मची आठवण ठेवून. आणलेल्या वस्तूवरची घटकांची यादी वाचायची, त्यात जे वजनानं जास्त ते आधी छापलेलं असतं. साखर, ग्लुकोज सिरप, डेक्स्ट्रोज अशी तीन नावं वेगवेगळ्या ठिकाणी दिसली की मनातल्या मनात त्यांची बेरीज करायची. टोमॅटो केचपच्या बाटलीवर १०० ग्रॅममागे बावीस-तेवीस ग्रॅम साखर वाचल्यापासून ती टेबलावरून कपाटात गेली आहे. चहात मात्र अजून अर्धा चमचा घालतो, आणि तो काढायचा माझा काही विचार नाही.